दोष बॅटरीचाच कशावरून?

गाडी सुरू झाली नाही की आपल्याकडे निकाल आधी लागतो आणि तपास, झालाच तर, नंतर होतो. किल्ली फिरवली, इंजिन कण्हल्यासारखे करून थांबले किंवा नुसतीच कट-कट झाली, की सोसायटीचा वॉचमन, शेजारचे काका आणि फोनवरचा मेकॅनिक या तिघांचे लगेच एकमत होते: बॅटरी गेली. तासाभरात दुकानातला मुलगा स्कूटरवरून नवी बॅटरी घेऊन येतो, जुनी काढून नेतो, गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते आणि निदान बरोबर असल्याचा पुरावा म्हणून तेवढे सगळ्यांना पुरते. वास्तविक त्यातून काहीच सिद्ध होत नाही. पूर्ण भरलेली बॅटरी लावली की विजेअभावी अडलेली जवळजवळ प्रत्येक गाडी एकदा तरी सुरू होते; मग जुनी बॅटरी खरोखर संपलेली असो, अल्टरनेटर महिनाभर चार्जच देत नसो, नाहीतर डिकीतला दिवा दोन रात्री जळत राहिलेला असो. गंमत म्हणजे टर्मिनल सैल किंवा गंजलेले असेल तरीही गाडी सुरू होते, कारण बॅटरी बदलताना टर्मिनल काढून, घासून पुन्हा आवळावीच लागतात. दुरुस्ती पान्याने केलेली असते, श्रेय मात्र चार-पाच हजारांच्या बॅटरीला जाते.

गच्चीवरच्या टाकीत पाणी नाही म्हणून कोणी लगेच नवी टाकी विकत आणत नाही. पंप चालतो का, कुठे नळ उघडा राहिला का, हे आधी पाहिले जाते. मोटारीच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो. तिथेही संशयित मोजकेच आहेत: बॅटरी स्वतः, तिला भरणारा अल्टरनेटर, गाडी उभी असताना गुपचूप वीज खाणारे एखादे उपकरण, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या तारा व टर्मिनल. यातला शेवटचा संशयित सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित. नवी बॅटरी विकत घेण्याआधी व्होल्टेजचे तीन आकडे मोजले, तर चौघांपैकी गुन्हेगार कोण हे बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत कळते. बाजारात तीन-चारशे रुपयांना मिळणारा साधा डिजिटल मल्टिमीटर त्यासाठी पुरतो.

हे आकडे समजून घ्यायचे तर बॅटरीच्या आत काय चालते ते थोडे पाहावे लागेल. शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्यावर चालणारी ही बॅटरी १८५९ साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने तयार केली, आणि बऱ्याच सुधारणा होऊनही तिचे मूळ रसायन बदललेले नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात आणि प्रत्येक सेल सुमारे २.१ व्होल्ट देतो. वीज खर्च होते तेव्हा दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेटचा थर बसू लागतो आणि आम्ल पातळ होत जाते. चार्जिंगमध्ये ही क्रिया उलटी फिरते. पण ती वेळेवर उलटी फिरवावी लागते. उतरलेली बॅटरी आठवडेच्या आठवडे तशीच पडून राहिली तर सल्फेटचे स्फटिक मोठे आणि टणक होतात, मग ते विरघळत नाहीत आणि तेवढी प्लेट कायमची निकामी होते. म्हणजे दोष दुसऱ्याचा असला तरी शिक्षा बॅटरी भोगते आणि शेवटी खरोखरच खराब होते. नवी बॅटरीही सहा महिन्यांत का गेली, या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुधा इथेच असते.

रोज दहा वेळा गाडी चालू-बंद करून बॅटरी संपते, असा एक समज आहे. त्याचा हिशेब मांडून पाहू. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ साधारण १५० अँपिअर घेतो आणि इंजिन दोन सेकंदांत सुरू होते. म्हणजे ३०० अँपिअर-सेकंद, अर्थात एका अँपिअर-तासाचा बारावा हिस्सा. आपल्याकडच्या लहान गाड्यांत ३५ अँपिअर-तासांची बॅटरी सर्रास असते. तिच्यातून एका वेळी पाव टक्कादेखील जात नाही, आणि चालू इंजिनावरचा निरोगी अल्टरनेटर ही तूट काही मिनिटांत भरून काढतो. चार्ल्स केटरिंगने विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत आणून हँडल मारण्याचे कष्ट संपवले, तेव्हापासून बॅटरीचे मुख्य काम हेच आहे: थोड्या वेळासाठी खूप वीज देणे आणि मग बाजूला होणे. इंजिन चालू झाल्यावर दिवे, पंखा, पंप, संगीत सगळे अल्टरनेटरच्या जिवावर चालले पाहिजे. तेव्हा बॅटरी वारंवार उतरत असेल तर ‘बॅटरी किती जुनी?’ याच्याबरोबरीने ‘ती भरली का जात नाही?’ आणि ‘ती रिकामी कोण करते?’ हेही विचारायला हवे.

पहिला आकडा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, काहीही चालू न करता, बॅटरीच्या दोन खुंटांवर मोजायचा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे जेमतेम पाव, आणि त्याखाली जवळजवळ रिकामी. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हा आकडा फसवा चढलेला असतो. अशा वेळी हेडलाइट दोनेक मिनिटे लावून, बंद करून, थोडे थांबून मोजावे. हे आकडे बॅटरी किती भरली आहे ते सांगतात, ती किती दमदार आहे ते सांगत नाहीत. थकलेली बॅटरीही विश्रांतीत ऐटीत १२.६ दाखवू शकते. एक अपवाद मात्र ठळक आहे: रात्रभर चार्जिंगला लावून, काही तास थांबूनही आकडा १०.५ च्या आसपासच अडकला, तर सहापैकी एक सेल गेला आहे. तिथे बॅटरीवरचा खटला संपला, तिला खुशाल निरोप द्यावा. झाकणावरच्या हिरव्या-काळ्या ‘डोळ्या’वर मात्र फार विसंबू नये, तो सहापैकी एकाच सेलकडे पाहत असतो आणि बिघाड नेमका उरलेल्या पाचांपैकी एखाद्यात असू शकतो.

दुसरा आकडा सेल्फ मारताना घ्यायचा. मीटर बॅटरीवर ठेवून दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगावे. भरलेल्या, निरोगी बॅटरीचे व्होल्टेज या क्षणी खाली येते, पण सहसा ९.६ च्या वर टिकते. विश्रांतीत १२.६ असलेला आकडा सेल्फ मारताच आठ-साडेआठवर कोसळला, तर बॅटरीतला दम गेला आहे; क्वचित सेल्फच जाम होऊन भलताच प्रवाह ओढत असतो, तेवढी शंका बाजूला ठेवावी. उलट सेल्फ नुसता ‘टक’ करून गप्प बसतो आणि मीटर मात्र बारावरून हलत नाही, असे झाले तर बॅटरीतून वीज निघतच नाही. याचा अर्थ अडथळा पुढे कुठेतरी आहे: टर्मिनलवर, अर्थिंगमध्ये किंवा सेल्फमध्ये. कानांनाही यातले बरेच कळते. भराभर कट-कट आणि मंदावणारे दिवे असले तर वीज कमी पडते आहे. एकच टणक ‘टक’ आणि दिवे झगझगीत असले तर बहुधा सेल्फ किंवा त्याची जोडणी. आणि इंजिन जोरात फिरते पण पेटत नाही, तर इंधन आणि ठिणगीकडे बघायचे. तिथे बॅटरीचा काही संबंध नाही. तरी त्या प्रसंगातही बॅटरी विकली जाते, हा भाग वेगळा.

टर्मिनलचा मुद्दा जरा सविस्तर सांगायला हवा, कारण इथे नुसत्या नजरेने फसगत होते. दीडशे अँपिअरचा प्रवाह जात असताना जोडणीत केवळ ०.०१ ओहम विरोध असला, तरी दीड व्होल्ट तिथेच खर्ची पडतो आणि सेल्फपर्यंत पोहोचत नाही. एवढा सूक्ष्म विरोध साध्या मल्टिमीटरच्या ओहमच्या पट्टीवर दिसतच नाही. तो प्रवाह वाहत असतानाच, व्होल्टच्या पट्टीवर पकडावा लागतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरी त्याच खुंटाला आवळलेल्या क्लॅम्पवर ठेवायची आणि सेल्फ मारायचा. दोन्ही एकाच जागी चिकटलेले, तेव्हा आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. तो अर्धा व्होल्ट आला तर चोर सापडला. तशीच एक पिन ऋण खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून अर्थिंग तपासता येते; तिथे ०.२ व्होल्टपर्यंत चालते, त्याहून फार जास्त असेल तर अर्थची पट्टी गंजली आहे किंवा बोल्ट ढिला आहे. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात ही पट्टी कुरतडली जाणे नवलाचे नाही. खुंटांवर साचणारी पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावी, खुंट घासून लख्ख करावेत, क्लॅम्प घट्ट आवळावा आणि वरून व्हॅसलिनचा हात फिरवावा. इतक्यावर बरी होणारी गाडी नव्या बॅटरीच्या बिलावर बरी करणे हा निव्वळ अपव्यय आहे.

तिसरा आकडा इंजिन चालू असतानाचा, आणि सर्वांत जास्त वेळा विसरला जाणारा. अल्टरनेटर ठीक असेल तर बॅटरीवरचे व्होल्टेज १३.८ ते १४.५ च्या दरम्यान येते. मग हेडलाइट, एसीचा पंखा, मागच्या काचेचा हीटर असे सगळे चालू करून, इंजिनचा वेग थोडा वाढवून पुन्हा बघावे. आकडा साडेतेराच्या आसपास टिकला पाहिजे. इंजिन चालू असूनही मीटर १२.४ दाखवत असेल आणि हळूहळू घसरत असेल, तर चार्जिंग होतच नाही आणि गाडी बॅटरीतल्या उरलेल्या शिदोरीवर चालली आहे. अशा गाडीत नवी बॅटरी घातली तर ती फार तर एखाददुसरा दिवस तग धरेल. उलट आकडा १५ च्या पुढे जात असेल तर रेग्युलेटर बिघडला आहे आणि बॅटरी उकळते आहे: पाणी उडते, कडेने आम्ल पाझरते, सडक्या अंड्यांसारखा वास येतो. चार्जिंग कमी असण्याची कारणे तपासतानाही स्वस्तापासून महागाकडे जावे. आधी पट्टा ढिला किंवा झिजलेला आहे का, मग फ्यूज आणि अल्टरनेटरमागची जोडणी, मग आतले कार्बन आणि रेग्युलेटर, आणि शेवटी अख्खा अल्टरनेटर. आपल्या शहरांत अल्टरनेटर-सेल्फ दुरुस्त करणारी छोटी दुकाने अजून टिकून आहेत. तिथला जुना कारागीर अल्टरनेटरला अजूनही डायनॅमो म्हणेल, पण झिजलेले कार्बन तो थोडक्या पैशांत बदलून देईल.

डॅशबोर्डवरचा लाल बॅटरीचा दिवा या बाबतीत अर्धवट साक्षीदार आहे. त्याच्यावर बॅटरीचे चित्र असले तरी तो बॅटरीची तब्येत सांगत नाही, तो चार्जिंगबद्दल बोलतो. किल्ली फिरवल्यावर तो लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर समाधान मानू नये. काही जुन्या गाड्यांत याच दिव्यातून अल्टरनेटरला जागे करणारा प्रवाह जातो आणि बल्ब गेला की चार्जिंगही बसते. शिवाय अल्टरनेटर अर्धामुर्धा बिघडला असेल तर दिवा गप्पच राहू शकतो. अल्टरनेटर मुळात प्रत्यावर्ती वीज बनवतो आणि आतले डायोड तिचे एकदिश विजेत रूपांतर करतात. त्यातला एखादा डायोड तुटला की उत्पादन घटते, तरीही व्होल्टेज कागदोपत्री ठीक दिसू शकते. तो उलट बाजूने गळका झाला, तर दिवसा चार्जिंग होते आणि रात्री त्याच वाटेने वीज परत निथळून जाते. सकाळी बॅटरी उतरलेली, दिवसा सगळे ठीक, नवी बॅटरी घातली तरी तेच: हा खेळ चालू असेल तर मीटर एसी व्होल्टच्या पट्टीवर लावून चालू इंजिनावर मोजावे. अर्ध्या व्होल्टच्या वर एसी दिसले तर डायोडवर संशय पक्का.

मुंबई-पुण्याच्या पावसाळी रहदारीचा यात एक वेगळाच वाटा आहे. अल्टरनेटरच्या पाटीवर ७०-८० अँपिअर लिहिलेले असले तरी ते वेगात फिरताना. इंजिन नुसते गुरगुरत असताना तो त्याच्या एका अंशाइतकेच देतो. त्याच वेळी वायपर, हेडलाइट, एसीचा पंखा, काचेचा हीटर आणि रेडिएटरचा फॅन एकदम चालू असतात. तासभर रांगेत रखडलेल्या गाडीत अशा वेळी आवक आणि जावक जेमतेम जुळते, कधी तूटही येते. रोजचा प्रवास तीन-चार किलोमीटरचा आणि तोही असाच असेल, तर काहीही न बिघडता बॅटरी महिनोन्‌महिने अर्धपोटी राहते आणि सल्फेटचा थर घट्ट होतो. तिन्ही आकडे ठीक असूनही बॅटरी वारंवार उतरत असेल, तर महिन्यातून एकदा तिला चार्जरवर रात्रभर लावणे हा औषधाहून बरा उपाय आहे. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला तीन-साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास लागतात. जंपर लावून गाडी सुरू केली आणि अर्धा तास फिरवून आणली की बॅटरी भरली, हा समज या हिशेबापुढे टिकत नाही.

उभ्या गाडीतली गळती शोधणे हे त्यातल्या त्यात चिकाटीचे काम. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म, कुलपाचा रिमोट आणि संगणक यांना थोडी वीज लागतेच. ५० मिलिअँपिअरपर्यंतची गळती सर्वसाधारण मानतात. पण तीही दिवसाला १.२ अँपिअर-तास होते, आणि दोन आठवड्यांत ३५ ची बॅटरी अर्धी करते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सोसायट्यांच्या आवारात उभ्या राहिलेल्या इतक्या गाड्या सुरू का झाल्या नाहीत, याचे उत्तर या गुणाकारात आहे. त्या बॅटऱ्यांत मुळात दोष नव्हता. याउलट ग्लोव्हबॉक्समधला पाच वॅटचा दिवा जळत राहिला, तर दिवसाला दहा अँपिअर-तास जातात आणि दोन-तीन दिवसांत कारभार आटोपतो. नंतर बसवलेले डॅशकॅम, ट्रॅकर, अँप्लिफायर यांच्यावर पहिला संशय घ्यावा. ती जोडणी बऱ्याचदा सोयीची जागा बघून केलेली असते, योग्य जागा बघून नव्हे. मोजण्यासाठी मीटर दहा अँपिअरच्या पट्टीवर ठेवून ऋण टर्मिनलच्या मध्ये जोडतात. दारे बंद करून अर्धा-पाऊण तास थांबायचे, कारण गाडीतले संगणक झोपी जायला तेवढा वेळ घेतात, आणि या काळात चुकूनही सेल्फ मारायचा नाही, नाहीतर मीटरचा फ्यूज उडतो. मग एकेक फ्यूज काढत गेले की ज्या फ्यूजसरशी आकडा घसरेल, ती शाखा दोषी.

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप असा की बॅटरीच्या दुकानात हल्ली यंत्र असते. ते लावले की चिठ्ठी छापून येते, मग एवढी उठाठेव कशाला? यंत्र उपयोगी आहे, यात वाद नाही. पण बरीच यंत्रे बॅटरीची वाहकता मोजून तिच्या ताकदीचा अंदाज बांधतात, आणि उतरलेल्या बॅटरीवर तो अंदाज भरवशाचा नसतो. आधी पूर्ण चार्ज करून मग तपासली, तर नापास ठरलेली बॅटरी पास होऊ शकते. शिवाय ती चिठ्ठी बॅटरीपुरतीच बोलते; बॅटरी का बिघडली याबद्दल ती मुकी असते. आणि परीक्षा घेणारा माणूसच नवी बॅटरी विकणार असेल, तर त्याच्या प्रामाणिकपणावर शंका न घेताही चार्जिंगचा आकडा मागून घेणे शहाणपणाचे ठरते.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो मी हलका मानत नाही. सकाळी ऑफिसला निघालेल्या माणसाला मीटर घेऊन बसायला सवड नसते, आणि बॅटरी चार वर्षांची असेल तर ती बदलणे बहुतेक वेळा बरोबरही ठरते. बॅटरीला आयुष्य असते आणि आपल्या हवेत ते तोकडेच असते. रासायनिक क्रियांचा वेग तापमान दहा अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो; त्यामुळे उष्णतेत प्लेटांची झीज आणि पाण्याची वाफ दोन्ही झपाट्याने होतात. चंद्रपूर-नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत बॉनेटखाली काय होत असेल, याची कल्पना करता येते. ही झीज मे महिन्यात होते आणि उघडकीस येते डिसेंबरच्या गार सकाळी, जेव्हा थंड तेलामुळे इंजिन जड फिरते आणि बॅटरीची ताकदही उतरते. म्हणून लोक दोष थंडीला देतात. हे सगळे मान्य करूनही माझा आग्रह राहतो, कारण तीन आकड्यांपैकी चार्जिंगचा आकडा मोजायला एक मिनिट लागते, आणि जुनी बॅटरी काढायचे ठरलेच असेल तरी तो मोजलाच पाहिजे. चार्जिंग सदोष असेल तर नवी बॅटरी जुनीच्याच वाटेने जाणार. शिवाय गाडीच्या विद्युत यंत्रणेतल्या दोषामुळे बिघडलेली बॅटरी सहसा वॉरंटीत बसत नाही. म्हणजे घाईत वाचवलेल्या मिनिटाचा भुर्दंड ग्राहकाच्याच माथी.

तिसरा आक्षेप नव्या गाड्यांबद्दल असतो: त्या आता इतक्या गुंतागुंतीच्या झाल्या आहेत की हे आकडे लागू पडत नाहीत. यात तथ्य आहे, पण अर्धे. मारुती सुझुकीने २०१५ साली सियाझमधून एसएचव्हीएस ही सौम्य हायब्रीड पद्धत आणली, त्यात ब्रेक दाबताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत परत भरली जाते. अशा आणि इतरही अनेक नव्या गाड्यांत चार्जिंगचे व्होल्टेज संगणक गरजेनुसार वर-खाली करतो. मीटरवर साडेबारा दिसले म्हणून अल्टरनेटर मेला असे म्हणता येत नाही. हेडलाइट लावून, वेग बदलून, काही मिनिटे आकडा कसा हलतो ते पाहावे लागते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद करणाऱ्या गाड्यांना ईएफबी किंवा एजीएम जातीचीच बॅटरी लागते. स्वस्तातली साधी बॅटरी त्यांत फार टिकत नाही. काही गाड्यांत नवी बॅटरी घातल्याचे संगणकाला कळवावेही लागते. पण गुंतागुंत वाढली म्हणून अंदाजाने भाग बदलण्याला आधार मिळत नाही. उलट मोजण्याची गरज वाढते. विजेवर चालणाऱ्या गाड्याही यातून सुटलेल्या नाहीत. त्यांतही एक बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते, आणि ती उतरली की मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागी होत नाही.

एक जुनी युक्ती मात्र नव्या-जुन्या कोणत्याही गाडीवर करू नये. चालू इंजिनावर बॅटरीचे टर्मिनल काढायचे. इंजिन चालू राहिले तर अल्टरनेटर ठीक, बंद पडले तर खराब, अशी ही परीक्षा. डायनॅमोच्या आणि कार्ब्युरेटरच्या काळात ती खपून गेली. अल्टरनेटर भरात चार्ज देत असताना बॅटरी अचानक वेगळी केली, तर व्होल्टेज क्षणभर शंभराच्या घरात उसळू शकते आणि त्यात रेग्युलेटर, डायोड, क्वचित इंजिनचा संगणकही जळतो. शिवाय चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि टर्मिनल काढताना ठिणगी पडते. ही जोडी वाईट. बॅटरी काढायचीच असेल तर गाडी बंद करून आधी ऋण टर्मिनल काढावे, बसवताना ते शेवटी लावावे, आणि जंपर केबलचा शेवटचा काळा चिमटा उतरलेल्या बॅटरीवर न लावता इंजिनच्या धातूला लावावा.

कोणी म्हणेल, वेळेआधी बदललेली बॅटरी काही वाया जात नाही. दुकानदार ती परत घेतो, पैसेही कापून देतो, शिसे पुन्हा वापरात येते. बॅटरीतले शिसे खरोखरच मोठ्या प्रमाणात परत मिळवता येते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. पण सगळ्या जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत कारखान्यांतच पोहोचतात, असे मानणे भाबडेपणाचे होईल. उघड्यावर बॅटरी फोडून शिसे वितळवण्याच्या धंद्यात आम्ल मातीत जाते आणि शिशाचा धूर आसपासच्या मुलांच्या रक्तात. चांगली बॅटरी अकारण भंगारात काढणे म्हणजे त्या साखळीत एक फेरी वाढवणे.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच की गाडी बंद पडण्याची वाट न पाहता, ती ठणठणीत असतानाच एकदा हे तिन्ही आकडे मोजून घ्या: रात्रभर उभी असतानाचा, सेल्फ मारतानाचा आणि इंजिन चालू असतानाचा. मीटर हाताळायचा नसेल तर पुढच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिककडून मोजून घ्या आणि तारखेसह गाडीच्या कागदपत्रांत लिहून ठेवा. दोन वर्षांनी गाडी अडेल तेव्हा तुलनेला तोच कागद उपयोगी पडेल, आणि नवी बॅटरी घ्यावी लागलीच, तर बसवणाऱ्या मुलाला जुनी उचलून नेण्याआधी इंजिन चालू करून चार्जिंगचा आकडा दाखवायला सांगा.